विश्लेषण : नाटकाच्या पडद्याला रंग कोणता? कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी काय शिकवले?

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा म्हटले की आधी फटाके आठवतात. पण डिसेंबर-जानेवारीत तेरखेड्यासारख्या गावांत शाळेचे स्नेहसंमेलन आले की वेगळाच प्रश्न उभा राहतो. मागे पडदा कसला लावायचा? आता बहुतेक ठिकाणी फ्लेक्स छापून आणतात. त्यावर किल्ला असतो, डोंगर असतो, सगळे असते. पण दिवे लागले की फ्लेक्स चमकतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात शिवाजी महाराजांच्या मागे पांढरा डाग उमटतो. मग एखादे जुने शिक्षक म्हणतात, कापडाचा पडदा रंगवून घ्यायला हवा होता. तिथून पुढचा प्रश्न येतो : कापडावर रंग कोणता? ऑइलपेंट, डिस्टेंपर की ॲक्रिलिक?

सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात याच प्रश्नावर एका मुलाचा पिंड घडला. त्याने पडदे रंगवले, मग पडदे रंगवणेच सोडले आणि त्या सोडण्यातून मराठी सिनेमाला आकार दिला. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर. सिनेमाचा इतिहास सांगताना त्यांचे नाव दादासाहेब फाळके यांच्यानंतर लगेच घेतले जाते. त्यांच्या आडनावाच्या जागी पेंटर हा शब्द कुठून आला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

मेस्त्रींचे पेंटर कसे झाले?

बाबूरावांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे हातात कसब असलेले कारागीर. घरात लाकूड, धातू, माती, हत्यारे यांचाच वावर. बाबूराव कोणत्याही कलाशाळेत शिकले नाहीत. चित्रकला आणि शिल्पकला ते पाहून आणि करून शिकले. नात्याने भाऊ असलेले आनंदराव मेस्त्री हे त्यांचे जोडीदार आणि एका अर्थाने पहिले गुरूही. दोघे मिळून काम घेऊ लागले आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. आनंदराव पेंटर, बाबूराव पेंटर. धंद्याचे नाव आडनावाच्या जागी बसले ते कायमचे.

काळ अनुकूल होता. राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर म्हणजे पैलवान, गवई, चित्रकार आणि नटांचे गाव. आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार त्याच गावात होता. संगीत नाटकांचा तो भराचा काळ, आणि ज्या केशवराव भोसले यांच्या आवाजावर महाराष्ट्र वेडा झाला ते बाबूरावांच्याच वयाचे, 1890 साली कोल्हापुरातच जन्मलेले. केशवरावांनी 1908 मध्ये हुबळीला ललितकलादर्श ही मंडळी काढली. अशा मंडळ्यांना नट लागत, ऑर्गन-तबला लागे आणि पडदे लागत. 1910 ते 1916 या काळात आनंदराव आणि बाबूराव हे पश्चिम भारतातले पडद्यांचे आघाडीचे चित्रकार मानले जात. ललितकलादर्शसारख्या संगीत मंडळ्यांप्रमाणेच गुजराती आणि पारशी रंगभूमीसाठीही त्यांनी पडदे रंगवले.

मराठी नाटकाला पडदा लागला कधी?

सांगलीत विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा चित्रमय देखाव्यांची आजच्यासारखी व्यवस्था नव्हती. मागे कापड असे, पुढे सूत्रधार. राक्षस आला की मशालीवर राळ उडवायची, भपकन जाळ उठायचा आणि प्रेक्षक दचकायचे. जंगल आहे की राजवाडा, हे पदातून कळे.

पुढे मुंबईत इंग्रजी पद्धतीची नाट्यगृहे झाली. पारशी मंडळ्यांनी तिथले रंगवलेले पडदे उचलले आणि त्यांचा थाट वाढवला. 1880 मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि मराठी प्रेक्षकालाही चौकटीतले नाटक पाहायची सवय लागली. विसावे शतक उजाडले तेव्हा बऱ्यापैकी मंडळीकडे दर्शनी पडदा, राजवाडा, रस्ता, बाग, अरण्य, तुरुंग असा संच असे. बाजूला विंगा, वर झालरी. नाटक बदलले तरी पडदे तेच. पौराणिक नाटकातली बाग सामाजिक नाटकातही फुलायची.

हे सगळे सामान रेल्वेने आणि बैलगाडीने गावोगाव फिरे. पडदा बांबूवर किंवा लाकडी दांड्यावर गुंडाळायचा, उलगडायचा, पुन्हा गुंडाळायचा. रोज. रंग कोणता निवडायचा, याचे निम्मे उत्तर या गुंडाळण्यात आहे.

मग रंग कोणता?

तैलरंग पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतो, कारण त्या काळी मोठे चित्र म्हणजे राजा रविवर्मा, आणि रविवर्मा म्हणजे तैलरंग. बाबूरावही व्यक्तिचित्रे तैलरंगातच रंगवत आणि त्यात त्यांचा हात उत्तम होता. पण दिवाणखान्यातले चित्र एका जागी टांगलेले असते. पडदा तसा नसतो. जवसाच्या तेलातला रंग वाळायला दिवसेंदिवस लागतात. वाळला की कापड ताठ होते, गुंडाळले की घडीवर तडा जातो. अस्तर नीट दिलेले नसेल तर तेल धाग्यात उतरून काही वर्षांत कापडच कुजवते. वजन वाढते ते वेगळेच. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे चमक. समोरून दिवा पडला की तैलरंगाचे आकाश तव्यासारखे चकाकते.

म्हणून जगभरातल्या नाट्यगृहांनी पडद्यासाठी सरसातला रंग धरला होता. इंग्रजीतून आलेला शब्द डिस्टेंपर. कृती सोपी वाटते. मांजरपाटाचे पट्टे शिवून मोठे कापड करायचे, चौकटीवर ताणायचे. त्यावर सरस आणि खडूच्या पुडीचा पातळ हात द्यायचा. कापड आकसते, ढोलकीसारखे ताणले जाते आणि धाग्यांची भोके बुजतात. मग पाण्यात भिजवलेले कोरडे रंग, म्हणजे गेरू, पिवडी, नीळ, काजळ आणि हवा तेवढा सफेदा, गरम सरसाच्या पाण्यात कालवायचे. हा रंग स्वस्त पडतो, लगेच वाळतो, जराही चमकत नाही आणि बेताने लावला तर गुंडाळतानाही टिकतो. शिवाय देखावा जुना झाला की पडदा धुऊन त्याच कापडावर नवा देखावा काढता येतो.

खरी परीक्षा त्या बेताची. सरस जास्त झाला तर रंग पापडासारखा तडकतो आणि कापड कडेने वळते. कमी झाला तर रंग पिठासारखा झडतो. नायिका पडद्याला टेकली की तिच्या शालूवर अरण्य उमटते. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला. तो थेट जाळावर ठेवला तर करपतो, म्हणून पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवायचा आणि कोमट असतानाच वापरायचा. दोन दिवस राहिला की नासतो. कोल्हापूरच्या पावसात तर पडदा वाळतही नाही आणि सरसाला बुरशीही धरते.

याहून अवघड गोष्ट म्हणजे हा रंग ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर दुसराच. ओली निळाई गडद असते, वाळली की फिकी पडते. चित्रकाराला समोर दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवून चालत नाही. वाळल्यावर काय होईल ते मनात धरून रंगवावे लागते. म्हणून कापडाच्या चिंधीवर एक पट्टा मारून ती शेगडीवर वाळवून बघायची. आणि लागेल तेवढा रंग एकदमच कालवायचा. पडदा 30 फूट रुंद आणि 20 फूट उंच धरला तर 600 चौरस फूट होतात. आकाश अर्ध्यावर आले आणि रंग संपला, तर दुसऱ्या बादलीत तीच निळाई पुन्हा मिळत नाही. आकाशाला ठिगळ पडते.

वर हात फिरवताना खालचा थर पाण्याने सुटतो, म्हणून कुंचला एकदाच आणि ठामपणे फिरवायचा. घोटत बसायची सोय नाही. तैलरंगात आठ दिवस एका गालावर काम करणाऱ्या हाताला हे जमणे सोपे नव्हते. बाबूरावांच्या चित्रांत मोठ्या जागा मोजक्या फटकाऱ्यांत बांधण्याची जी ताकद दिसते, तिच्यामागे पडद्यांची ती वर्षे असणार असे मानायला जागा आहे.

तलम कापडाचे गणित आणखी निराळे. मलमल किंवा जाळीवर खडू-सरसाचा रंग लावला तर भोके बुजतात आणि जाळीचा उपयोगच संपतो. तिथे पाण्यासारखा पातळ, धाग्यात मुरणारा रंग लागतो. अशी जाळी समोरून उजळली की भिंतीसारखी घट्ट दिसते. समोरचा दिवा मंद करून मागचा वाढवला की ती विरघळते आणि पलीकडचा देव प्रकट होतो. पौराणिक नाटकातल्या अनेक चमत्कारांचे मूळ इतके साधे आहे.

दिव्याने रंग कसा बदलतो?

पडदा दिवसा रंगवतात आणि रात्री दाखवतात. त्या काळी खेड्यापाड्यांत तेलाचे आणि गॅसचे दिवे होते, वीज मोठ्या शहरांत नुकती येत होती. या दिव्यांचा उजेड पिवळा. पिवळ्या उजेडात फिका पिवळा आणि पांढरा सारखाच दिसतो. निळा मेल्यासारखा होतो, जांभळा तपकिरीकडे झुकतो. सकाळी अंगणात सुरेख दिसलेले संध्याकाळचे आकाश रात्री चिखलासारखे होऊ शकते. म्हणून निळा रंग दिवसा भडक वाटेल इतका लावावा लागतो आणि सावलीत नुसते काजळ न घालता त्यात रंग मिसळावा लागतो.

अंतराचेही तसेच. चित्रकार पडद्यापासून हातभर लांब असतो, पहिला प्रेक्षक 20 फुटांवर आणि शेवटचा त्याच्याही कितीतरी मागे. जवळून पाहिले तर नुसते फटकारे, लांबून पाहिले तर झाड. लहान चित्रावर चौकडी आखायची, तीच चौकडी पडद्यावर कोळसा लावलेल्या दोरीने पाडायची आणि चौकोनामागून चौकोन मोठा करायचा. आजही भिंतीवर मोठे चित्र काढणारे हेच करतात.

आणि आग?

राळ, मशाल, गॅसबत्ती आणि त्यांच्या मागे शेकडो फूट सुती कापड. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतली कितीतरी नाट्यगृहे जळाली. रंग निवडताना आगीचा विचार म्हणूनच होतो. तेल मुरलेले कापड जोरात पेटते, आणि तेलाचे बोळे ढिगात टाकले तर आपोआप तापूनही पेट घेतात. खडूचा भरणा असलेला रंग त्या मानाने कमी धोक्याचा. पण कमी धोक्याचा म्हणजे न जळणारा नव्हे. कापडाला तुरटी, टाकणखार अशा क्षारांच्या पाण्याचा हात देण्याची पद्धत जुनी आहे. असे कापड पेटण्याऐवजी काळे पडून विझू पाहते. मात्र पडदा धुतला की क्षारही निघून जातो आणि हात पुन्हा द्यावा लागतो. फटाक्यांच्या गावात हे वेगळे समजावण्याची गरज नसावी.

कोल्हापूरच्या बाबतीत ही भीती कागदावर राहिलेली नाही. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभे केलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

पडद्याकडून सिनेमाकडे का?

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आनंदराव आणि बाबूराव या दोघांनाही सिनेमाने झपाटले. ते सिनेमा दाखवण्याच्या धंद्यात उतरले आणि त्याच वेळी स्वतःचा कॅमेरा बनवण्याच्या मागे लागले. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर तो मिळणेही सोपे नव्हते. पण मेस्त्रींच्या घरात यंत्र उघडून बघण्याची भीती कुणालाच नव्हती.

1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूराव तेव्हा 26 वर्षांचे होते. ज्याच्याबरोबर पहिला पडदा रंगवला, ज्याच्या डोक्यातून कॅमेऱ्याची कल्पना निघाली, तोच गेला. धंदा दोघांच्या नावावर चाललेला. पडद्यांची कामे हाताशी होती, त्यांत पैसाही होता. बाबूरावांनी कॅमेरा सोडला असता तर कुणी बोल लावला नसता. त्यांनी आनंदरावांचे अर्धे राहिलेले काम हातात घेतले. सोबत होते विष्णुपंत दामले, पडदे रंगवण्याच्या कामातूनच तयार झालेले शिष्य. सुटे भाग घडवून, जुळवून, चुकवून, पुन्हा घडवून 1918 मध्ये कॅमेरा चालू झाला.

भांडवल नव्हते. ते कोल्हापुरातूनच उभे राहिले आणि त्यात सर्वांत महत्त्वाचे नाव गायिका तानीबाई कागलकर यांचे. एका गाणाऱ्या बाईने आपली पुंजी चित्रकाराच्या यंत्रावर लावली, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हे. दरबाराचा आश्रय होताच. अशी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, एस. फत्तेलाल आणि थोड्या काळाने 1920 मध्ये आलेला व्ही. शांताराम नावाचा होतकरू मुलगा, हे सगळे तिथे घडले. साहित्य हलवणे, रंग कालवणे, अभिनय, कॅमेरा, सगळे सगळ्यांनी करायचे. ती कंपनी कमी आणि कारखाना-पाठशाळा जास्त होती.

फेब्रुवारी 1920 मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात ‘सैरंध्री’ लागला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या होत्या. भीमाने केलेला कीचकवध इतका खरा वाटला की तो भाग सेन्सॉरच्या कात्रीत सापडला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमाकेसरी ही पदवी दिली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत टिळक गेले.

कॅमेऱ्याला रंग कसा दिसतो?

इथे पडदेवाल्याचे सगळे ज्ञान उलटे झाले. मूकपटाच्या काळातली फिल्म काळी-पांढरी होती, पण नुसती काळी-पांढरी नव्हे. तिला लाल उजेड जवळजवळ कळतच नसे आणि निळा फार जास्त कळे. त्यामुळे लाल भिंत पडद्यावर काळी येई. निळे आकाश पांढरेफटक होई आणि ढग त्यात नाहीसे होत. गेरूने मळलेले मंदिर अंधारी गुहा वाटे. नटांच्या ओठांना लाल रंग लावला तर तोंड काळे दिसे.

म्हणजे आता रंग डोळ्यांना कसा दिसतो, याला अर्थ उरला नाही. तो फिल्मवर किती काळा किंवा किती पांढरा उतरतो, एवढेच महत्त्वाचे. सिनेमासाठी देखावा रंगवणाऱ्याला डोळे मिटून राखाडी रंगात विचार करणे भाग होते. ज्याने आयुष्याची पहिली वर्षे ओला रंग वाळल्यावर काय होईल, दिवसाचा रंग रात्री काय होईल, हा हिशेब करण्यात घालवली, त्याला हा तिसरा हिशेब परका वाटला नसणार.

दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. रंगवलेल्या पडद्यावरचा राजवाडा एकाच जागेवरून खरा दिसतो. नट मागे सरकत पडद्याजवळ गेला की रंगवलेल्या दरवाजापेक्षा उंच होतो. त्याची सावली आकाशावर पडते. रंगमंचावर प्रेक्षक हे मनाने पोटात घालतो. कॅमेरा घालत नाही. तो जवळ जातो, बाजूला होतो आणि कापडाची सुरकुतीही टिपतो.

बाबूरावांनी मग जे केले ते त्यांच्याच धंद्याच्या विरोधात होते. त्यांनी सिनेमातून रंगवलेले पडदे हद्दपार करायला सुरुवात केली. त्यांच्या जागी खोली असलेली, चारी बाजूंनी वापरता येणारी, राहती वाटणारी घरे, दालने आणि तटबंदी उभी केली. लाकूड, माती, गिलावा ही वडिलांच्या घरची विद्या होती. ती पुन्हा कामी आली. आपण ज्या कामात सर्वांत पुढे होतो तेच काम जुने झाले, हे ओळखणे एक वेळ सोपे. स्वतःच्या हाताने ते बाजूला ठेवणे फार थोड्यांना जमते.

1923 च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम दिव्यांचा वापर केला. तोवर इथले चित्रीकरण सूर्यप्रकाशावरच चाले. अंधार हवा असेल तर तो नंतर फिल्म रंगवून सुचवायचा, अशी रीत होती. बाबूरावांनी दिवा हाच कुंचला केला. 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ आला. नारायण हरी आपटे यांची कथा, जमीन सावकाराच्या घशात गेलेला आणि शहरात गिरणीकामगार झालेला शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण शांताराम. रात्रीची अंधारी झोपडी आणि बाहेर केकाटणारे कुत्रे, हे दृश्य पाहणाऱ्यांना वर्षानुवर्षे आठवत राहिले. देवादिकांच्या चमत्कारांत रमलेल्या सिनेमात कर्जबाजारी शेतकऱ्याचे घर प्रथमच इतक्या खरेपणाने उभे राहिले होते. धाराशिवच्या वाचकाला त्या विषयाचे जुनेपण जाणवणार नाही.

पेंटर हे नाव मागे पडले का?

नाही. चित्रीकरणाआधी ते प्रसंगांची रेखाटने काढत. वेशभूषा, दागिने आणि पात्रांची उभी राहण्याची ढब कागदावर आधी ठरे. सिनेमाबरोबर छायाचित्रे आणि कथासार असलेली पुस्तिका प्रेक्षकांना देण्याची सुरुवात त्यांनी केली. पोस्टर स्वतः रंगवले. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चे त्यांचे पोस्टर आज उरलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. रस्त्यावरच्या माणसाला दुरूनच थांबवायचे कसे, हे ज्याने शेवटच्या रांगेसाठी पडदे रंगवले त्याला शिकवावे लागत नाही.

पण याच वृत्तीची किंमतही होती. मनासारखे होईपर्यंत काम सोडायचे नाही, हा चित्रकाराचा हट्ट. कंपनीला मात्र वर्षाला ठराविक चित्रपट हवे असतात. पैसे घालणारे आणि बाबूराव यांच्यात ताण वाढत गेला. शिष्यही आता स्वतंत्र झाले होते. शांताराम यांनी 1927 मध्ये ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला. 1 जून 1929 रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. एका दिवसात बाबूरावांच्या हाताखालची जवळजवळ सगळी कर्ती फळी निघून गेली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यातून सावरली नाही. थोड्याच काळात ती बंद झाली आणि त्याच सुमारास बोलपट आले.

या फुटीकडे केवळ गुरुद्रोह म्हणून पाहणे बरोबर नाही. 1936 मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला आणि पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातले देहू आठवावे. भिंती शेणामातीच्या वाटतात, अंगण झाडलेले वाटते, कुठेही रंगवलेला पडदा जाणवत नाही. हे दोघेही पडदे रंगवतच मोठे झाले होते.

नंतरची वर्षे

बोलपटाच्या काळात बाबूरावांनी मोजकेच चित्रपट केले. शालिनी सिनेटोनसाठी 1935 मध्ये ‘उषा’, 1936 मध्ये ‘सावकारी पाश’ची बोलती आवृत्ती, 1937 मध्ये ‘प्रतिभा’. 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’चे दिग्दर्शन त्यांनी शांताराम यांच्याबरोबर केले. फुटीनंतर अठरा वर्षांनी गुरू-शिष्य एका चित्रपटावर एकत्र आले होते. 1952 चा ‘विश्वामित्र’ हा शेवटचा. मधला बराच वेळ ते चित्रे आणि शिल्पे यांत रमलेले असत. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म कापसापासूनच बनलेली आणि भयंकर ज्वालाग्राही. उरलीच तर काही दशकांत चिकट होऊन तिचा भुगा होतो. सरसातल्या पडद्यांचे आयुष्य त्याहून लांब नसते. ओल, कसर, उंदीर आणि पुन्हा वापरण्यासाठी घातलेले पाणी, यांत ते जातात. तैलरंग निवडला असता तर कदाचित एखादा पडदा संग्रहालयात असता, पण तो रंगमंचावर चकाकला असता आणि बैलगाडीत तडकला असता.

आजचे नेपथ्यकार मांजरपाटावर पाण्यातला मॅट ॲक्रिलिक किंवा भिंतीचा इमल्शन रंग पातळ करून वापरतात. त्याला सरस लागत नाही, तो नासत नाही आणि वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. म्हणून एकदा रंगवलेला पडदा धुऊन नवा करता येत नाही. अग्निरोधक द्राव कापडाला रंगाच्या आधी द्यायचा आणि नाटकाच्या दिव्यांत पडदा एकदा पाहून मगच पुढचा हात मारायचा, ही शिस्त अजून तीच आहे. फ्लेक्सला यातले काहीच लागत नाही. समोरचा दिवा तेवढा बाजूला, वरून तिरका घ्यावा लागतो.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला, जिथे महाराष्ट्र फिल्म कंपनी होती त्या भागात, बाबूरावांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे.